अंगात ताप, हातात बोर्डिंग पास

गोव्यातल्या साखळी गावच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. सोमवारी रात्री त्यांना थंडी वाजून १०२ ताप आला, अंग मोडून आलं. मंगळवारी तपासणीत इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, निघाला. गुरुवारी सकाळी मोपा विमानतळावरून पुण्याचं विमान आहे आणि शुक्रवारी मावसभावाचं लग्न. ते विचारतात: "गोळी घेतली की ताप उतरतो, मी चालूफिरू शकतो. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. विमानातली हवा ऑपरेशन थिएटरसारखी गाळलेली असते असं वाचलंय. मास्क लावून गेलो तर चालेल का? बायको आणि सहा वर्षांची मुलगी अजून ठणठणीत आहेत, त्यांनी जावं का? पुण्याच्या घरी आजी आहे, ८४ वर्षांची, दम्याची. मावसबहीणही येणार आहे, तिला सातवा महिना आहे."

गुरुवारी तुम्ही जाऊ नका. मी म्हापशाला २८ वर्षं दवाखाना चालवते आहे आणि लग्नाच्या दिवसांत हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो. त्यामुळे आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते.

"मला प्रवास झेपेल का" असं प्रत्येकजण विचारतो. मी मात्र आधी बोटांवर दिवस मोजते. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून बाहेर पडायला लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पडत राहतो. लहान मुलांत त्याहूनही जास्त दिवस. त्यातही पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. तुमचा ताप सोमवारी रात्री सुरू झाला, म्हणजे गुरुवारी सकाळी तुम्ही नेमके त्याच दिवसांत असाल. लग्न पुढच्या बुधवारी असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

गोळीबद्दल नीट समजून घ्या, कारण जवळजवळ सगळे इथेच फसतात. पॅरासिटामॉल मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करतं, म्हणून घाम येतो, ताप उतरतो, अंगदुखी कमी होते. घशातल्या विषाणूला ते हातही लावत नाही. सकाळी सहाला गोळी घेऊन आठच्या रांगेत उभा असलेला माणूस आदल्या रात्री पांघरुणात कुडकुडत होता तेव्हा जितका विषाणू सोडत होता, साधारण तितकाच आताही सोडतो. फरक इतकाच की रात्री तो एकटा होता आणि आता त्याच्या आजूबाजूला दीडशे माणसं आहेत. डॉक्टरने ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध दिलं असेल तर ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तरच खरा फायदा होतो, आणि ते घेतलं म्हणून दुसऱ्या दिवशी प्रवासाला मोकळे झालात असंही नाही.

आता विमानातली हवा. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. त्यातली साधारण निम्मी बाहेरून येते, निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत येते, आणि हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. हवा वरून येते आणि बहुतांशी त्याच रांगेत पायांजवळून खाली जाते, पुढून मागे वाहत नाही. बस किंवा रेल्वेच्या वातानुकूलित डब्यापेक्षा ही व्यवस्था चांगली आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण फिल्टर जे अडवतो ते त्याच्यापर्यंत पोचलेलं. तुमचा खोकला आधी मधल्या सीटवरच्या बाईंपर्यंत पोचतो, फिल्टरपर्यंत नंतर. आणि ही हवा इंजिनं चालू असताना खेळती असते. जमिनीवर उभ्या विमानात ती पुरेशी खेळती नसली तर काय होतं, त्याचं एक उदाहरण वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. १९७७ साली अलास्कात एका विमानाचं इंजिन उड्डाणाच्या वेळी बिघडलं. ५४ माणसं होती. कित्येक तास विमान जमिनीवर खोळंबलं, त्यातला बराच काळ वायुवीजन बंद होतं, आणि प्रवाशांत एका तरुणीला फ्लू झालेला होता. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के लोक आजारी पडले.

हवा व्यवस्थित चालू असतानाचीही गोष्ट सांगते. १५ मार्च २००३ ला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्स हा श्वसनाचा गंभीर आजार झालेला एक वयस्क माणूस होता. प्रवास तीन तासांचा, विमानात १२० माणसं. त्यातल्या २२ जणांना सार्स झाला असं पुढच्या तपासात दिसलं, आणि त्यातले काहीजण त्याच्यापासून सात रांगा पुढे बसलेले होते. पण ज्यांनी हा तपास केला त्यांनाच दुसऱ्या एका विमानात चार रुग्ण असूनही फार तर एकालाच लागण झालेली आढळली. म्हणजे कोण किती पसरवेल हे चढताना कुणालाच सांगता येत नाही, मला तर मुळीच नाही. "दोन रांगांपलीकडे काही होत नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि विमान म्हणजे काही फक्त हवेतला सव्वा तास नाही. साखळीहून मोपापर्यंतची टॅक्सी, सामानाची रांग, सुरक्षा तपासणीतला ट्रे, गेटजवळची गर्दी, दार उघडण्याआधी सगळे उठून उभे राहतात ती दहा मिनिटं, पुण्याला उतरल्यावर पुन्हा गाडी. यातल्या बहुतेक ठिकाणी हेपा फिल्टर नाही.

इथे मला माझीच एक चूक सांगावीशी वाटते. बरीच वर्षं झाली. चार वर्षांच्या एका मुलीला आई घेऊन आली होती. तीन दिवस ताप, नाक वाहतंय, डोळे लालसर, कोरडा खोकला. दुसऱ्या दिवशी दाबोळीहून मुंबईचं विमान, आत्याच्या बाळाचं उष्टावण. बाहेर वीसेक माणसं खोळंबलेली. मी टॉर्चने घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हटलं, सर्दीतापच आहे, औषध देते, जा. गालांच्या आतली बाजू मी पाहिली नाही. दाढांसमोर आतून मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात, भोवती लालसर कडा असते; अंगावर पुरळ उठायच्या आधी गोवर ओळखण्याची तीच खूण. मुंबईत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या कानामागून पुरळ सुरू झालं. बाराव्या दिवशी बाळाला ताप आला. सात महिन्यांचं बाळ, आणि आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात. न्यूमोनिया होऊन ते नऊ दिवस हॉस्पिटलात होतं. वाचलं. मुलीच्या आईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात माझ्यावरचा राग नव्हता, ती स्वतःलाच दोष देत होती. ते ऐकणं मला फार जड गेलं. तेव्हापासून तापाचं मूल आलं की मी गाल ओढून आत बघते, बाहेर कितीही गर्दी असो.

गोवराचा विषाणू माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या दहा जणांत तो नऊ जणांना गाठतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत तो पसरतो. म्हणून गोवराच्या बाबतीत मास्क लावून जाऊ का, खिडकीजवळ बसू का, ही चर्चाच मी करत नाही. आणखी एक गोष्ट. प्रवास करून झाल्यावर असा आजार निघाला तर लपवू नका, ज्यांच्याकडे गेलात त्यांना त्याच दिवशी कळवा. गोवराच्या संपर्कात आलेल्या सहा महिन्यांवरच्या बाळाला तीन दिवसांच्या आत लस देता येते, त्याहून लहान बाळाला आणि गरोदर बाईला सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देता येतं. हे दिवस लाजेपायी वाया जातात.

कांजिण्यांचं वेगळं आहे, तिथे डोळ्यांना दिसणारा पुरावा असतो. आमच्या बार्देश तालुक्यात कितीतरी घरांतला एक तरी माणूस बोटीवर नोकरीला आहे. जॉइनिंगची तारीख चुकली की कॉन्ट्रॅक्ट गेलं, ही भीती त्या घरांना फार मोठी असते, आणि ती खोटी नाही. असाच एक पंचविशीतला मुलगा कांजिण्यांच्या पाचव्या दिवशी प्रमाणपत्र मागायला आला होता. चेहऱ्यावरच्या फोडांना खपल्या धरलेल्या, दाढीत त्या दिसतही नव्हत्या. मी शर्ट वर करायला सांगितला. पोटावर सात-आठ ताजे फोड होते, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे स्वच्छ, बोट लावलं तर फुटतील असे. कांजिण्या लाटांनी येतात. एकीकडे खपली धरत असते आणि दुसरीकडे नवे उठत असतात. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे बहुधा पाच ते सात दिवस, माणूस लागण देतो. मी त्याला सही दिली नाही. त्याच्यासमोरच एजंटला फोन लावायला सांगितला, तपासणीचा कागद पाठवला आणि पुढची तारीख मिळाली. बोटीवर हजारो माणसं एकाच हवेत, एकाच जेवणघरात असतात. तिथे चढलेल्या कांजिण्या कुणालाच परवडणाऱ्या नसतात, हे एजंटलाही कळतं. मोठ्या माणसांना कांजिण्या जड जातात, गरोदर बाईला तर फारच.

जुलाब-उलट्यांच्या विषाणूंना सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात. शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यावर दोन दिवस थांबा. डोळे आले असतील तर ते हवेतून नव्हे, हातांतून पसरतात, पण विमानात रुमाल, हँडल, सीटचा पट्टा सगळ्यालाच हात लागतो, तेव्हा पाणी गळायचं थांबेपर्यंत घरी राहिलेलं बरं.

तुम्ही साखळीचे, म्हणून ताप नेमका कसला हे कळण्याआधी विमान गाठणाऱ्यांसाठीही दोन ओळी. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा सहप्रवाशांना धोका नाही. पण डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच रक्तदाब कोसळण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका सुरू होतो. तेव्हा माणूस विमानात असता कामा नये, सलाइन लावता येईल अशा जागी असावा. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत किंवा रानात गेल्यावर आलेला ताप असेल तर माकडतापाची तपासणी करून घ्या. तो गोचिडीमुळे होतो, शेजारच्याला लागत नाही, पण अशक्तपणा आणि रक्तस्राव त्यातही होऊ शकतो.

आता तुमच्या स्वतःच्या तब्येतीचं. विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून अंदाज घ्या. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, पण फ्लूने छाती भरली असेल तर अंगातला प्राणवायू तिथे आणखी खाली येतो. त्यात केबिनची हवा इतकी कोरडी की खोकल्याची उबळ थांबत नाही. आणि कान! नाक चोंदलेलं असताना घशातून कानाकडे जाणारी नळी सुजून बंद झालेली असते. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, कानाचा पडदा आत ओढला जातो, काहींचा फाटतोही. उतरताना कान धरून रडणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. सर्दी ओसरल्यावर जाणाऱ्यांनीही उतरण्याच्या अर्धा तास आधी डॉक्टरने दिलेला नाकाचा स्प्रे मारावा, उतरताना झोपू नये, घोट घोट पाणी प्यावं. लहान बाळाला त्या वेळी पाजावं.

मग कधी जाता येईल? गोळी न घेता २४ तास ताप नाही, आणि खोकला-अंगदुखी स्पष्ट कमी होत चालली आहे, या दोन्ही गोष्टी जमल्या की माझी हरकत नाही. त्यानंतरही पाच दिवस बंद जागेत मास्क लावायचा. कापडी नको, आणि गळ्यात लोंबणारा तर नकोच. एन-९५ घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा, श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ येत असेल तर तो नीट बसलेला नाही. विमानात मास्कची सक्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, तेव्हा शेजारच्याने लावलेला असेलच असं नाही. तुमचाच काय तो आडोसा. खिडकीची सीट घ्या. तिथे बसलेला माणूस कमी उठतो आणि त्याच्याजवळून कमी लोक जातात. वरचा हवेचा झोत बंद करू नका. खाणं टाळा, सव्वा तासात कुणी उपाशी राहत नाही.

कुणाचं शेवटचं दर्शन असेल तर? तेव्हा मी "जाऊ नका" म्हणत नाही, "विमानाने जाऊ नका" म्हणते. रेल्वेही नको, रात्रभर बंद डब्यात पडदा ओढून झोपणं विमानापेक्षा वाईट. स्वतःची गाडी, काचा खाली, चालवणारा दुसरा, तुम्ही मागच्या सीटवर मास्क लावून. आंबोली घाटाने पुण्याला नऊ-दहा तास लागतात, मध्ये थांबत जा. तिथे पोचल्यावर अंगणात, गॅलरीत भेटा. तापात स्वतः गाडी चालवू नका, झोप येते.

तिकिटाचं नुकसान मी हलकं लेखत नाही, तिघांचे पैसे आहेत. विमान सुटण्याआधी रद्द करा किंवा तारीख बदलून मागा, नुसते न जाता राहू नका. परत न मिळणाऱ्या तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावं लागतं, ते मागून घ्या. तिकीट काढताना विम्यावर टिचकी मारली होती का ते तपासा. असेल तर तपासणीचा अहवाल आणि डॉक्टरचं तारीख घातलेलं पत्र लागेल, ते माझ्यासारखा कुणीही डॉक्टर आनंदाने देईल. उलटं पत्र मात्र मागू नका, तंदुरुस्त असल्याचं. खोकणारा, ताप असलेला प्रवासी दिसला तर विमान कंपनी त्याला चढू न देण्याचा अधिकार वापरू शकते, आणि मग तिकीटही जातं नि चारचौघांत शोभाही होते.

आता बायको आणि मुलगी. त्यांचं उत्तर तुमच्याइतकं सोपं नाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. त्या दोघी सोमवारपासून, खरं तर रविवारपासूनच, तुमच्याबरोबर एका छताखाली आहेत. म्हणजे गुरुवार-शुक्रवार हे दोघींनाही ताप येण्याचे दिवस आहेत, आणि ताप येण्याच्या आदल्या दिवशीही त्या विषाणू सोडत असतील. पत्नीला जायचंच असेल तर गुरुवारी पहाटे ताप मोजून, घसा जरासुद्धा खवखवत नसेल तर, मास्क लावून जाऊ द्या. उतरायचं मात्र आजीच्या घरी नाही, मावशींनी पाहुण्यांसाठी जी जागा घेतली असेल तिथे. मुलीला मी पाठवणार नाही. सहा वर्षांचं मूल मास्क दहा मिनिटांत खाली ओढतं, आणि पुण्याला पोचल्यावर सगळ्यात आधी पणजीच्या मांडीवर जाऊन बसतं. दम्याच्या ८४ वर्षांच्या बाईला फ्लू म्हणजे हॉस्पिटल, आणि सातव्या महिन्यातल्या बाईलाही तो नेहमीपेक्षा जड जातो.

आज मावशींना फोन करा आणि कारण खरं सांगा, "कामामुळे जमत नाही" असं सांगू नका. खरं कळलं तर त्या पत्नीची राहायची सोय वेगळी करतील, आणि आजींनी या वर्षी फ्लूची लस घेतली आहे की नाही हेही विचारता येईल. तुम्ही वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा, पेज आणि पाणी भरपूर घ्या. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढला तर घरी थांबू नका, जवळच्या इस्पितळात जा. शनिवारी सकाळी गोळी न घेता ताप मोजा आणि मला आकडा कळवा. पुढच्या आठवड्यात नवरानवरीला भेटायला पुण्याला कधी जायचं ते तेव्हा ठरवू.